गावकीची भांडी आणि सदूतात्या

आमचे घरमालक सदूतात्या पातेल्याला कान लावून बसायचे. काठावर एक टिचकी मारायची, डोळे मिटायचे आणि आवाज विरेपर्यंत समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. मग निकाल. "पडल्यालं हाय. कुनी पाडलं?" लग्नघरचा माणूस आधी आईची शपथ घ्यायचा, मग बायकोची, आणि शेवटी "अहो तात्या, आमच्या मेव्हण्यानं जरा..." असं म्हणत कबूल व्हायचा.

हा अधिकार त्यांना गावानंच दिला होता. पुण्याजवळच्या आमच्या नांदे गावात तेव्हा गावकीची भांडी होती. काहिली, सतेली, पराती, पिंपं, हातभर लांब वगराळी असा सगळा संसार देवळामागच्या खोलीत ठेवलेला. मालकी साऱ्या गावाची. ज्याच्या घरी लग्न किंवा बारसं असेल त्यानं न्यावीत, वापरावीत आणि घासून परत आणावीत. खोलीची किल्ली तात्यांच्या करगोट्याला. ती आंघोळीलासुद्धा उतरत नसे.

मी आणि माझी बायको मीनल जळगावहून आलो आणि तात्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलो. हिंजवडीतल्या नोकरीला नांदे सोयीचं होतं. माझं आडनाव तात्यांनी कधीच विचारलं नाही. मी जळगाव, शेजारच्या खोलीतला लातूर आणि खालचा अकोला. "जळगाव, मोटर बंद करा! लातूर, गाडी आडवी लावलीया!" सकाळी ओट्यावर बसून तात्या अर्ध्या महाराष्ट्राचा कारभार बघत असत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. त्यामुळे ओरडायला आम्हीच.

कुठलीही नवी गोष्ट कानावर आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "किल्ली कुनाकडं?" गावात पतपेढी निघाली तेव्हा हाच प्रश्न, व्यायामशाळा निघाली तेव्हाही हाच.

त्या सुमारास आमच्या कंपनीनं स्वतःची सर्व्हरची खोली बंद करायचं ठरवलं. मोठ्या साहेबांनी "आता सगळं क्लाउडवर" असं जाहीर केलं, टाळ्या घेतल्या आणि क्लाउड म्हणजे काय ते सगळ्यांना समजावून सांगायचं काम माझ्यावर टाकलं. रविवारी सकाळी मी ओट्यावर बसून भाषणाची तालीम करत होतो.

"काय पाठ करताय? परीक्षा हाय व्हय?" तात्यांनी विचारलं.

म्हटलं, चला, यांना समजलं तर साहेबांनाही समजेल. मी सांगायला लागलो. "तात्या, प्रत्येक कंपनीत मोठी मशिनं लागतात. ती विकत घ्या, त्यांना थंड खोली द्या, राखायला माणसं ठेवा. आणि वर्षातले चार दिवस सोडले तर ती नुसती पडून. त्यापेक्षा कुणीतरी एकानं ढीगभर मशिनं ठेवायची. बाकीच्यांनी इंटरनेटवरून वापरायची. जेवढं वापरलं तेवढंच भाडं. जास्त काम निघालं तर जास्त घ्यायची, संपलं की परत."

तात्या माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "मंग ही तर गावकीची भांडी झाली की."

"हो, तशीच."

"मग ह्याची आमटी त्याच्या भातात न्हाई का जायची?"

"नाही. प्रत्येकाचं वेगळं ठेवतात. मशिन एक असलं तरी याचं त्याला दिसत नाही."

"किल्ली कुनाकडं?"

"ज्याची मशिनं त्या कंपनीकडं. आपल्या कामापुरती आपल्याकडंही असते."

"त्येंचा तात्या कोन?"

असा कुणी एक माणूस नसतो म्हणालो. ते त्यांना अजिबात पटलं नाही. "मग भांडं परत आल्याव बघतं कोन?" असं म्हणून त्यांनी तंबाखूची डबी काढली.

मलाही जोर चढला. मी क्लाउडचे तिन्ही प्रकार सांगितले. पहिल्यात नुसती मशिनं मिळतात, म्हणजे रिकामी भांडी. शिधा, सरपण, आचारी सगळं तुमचं. दुसऱ्यात चूल पेटवून, पाणी भरून, मदतीला माणसं उभी करून देतात. तुम्ही फक्त शिधा आणायचा आणि आपल्या पद्धतीनं रांधायचं. तिसऱ्यात थेट ताट वाढून येतं. बसा आणि जेवा, भांडी कुठली होती तेही विचारू नका.

तिसरा प्रकार ऐकताच तात्यांचा चेहरा उतरला. "म्हंजी इलासचं लॉन."

विलास हा त्यांचा पुतण्या. नदीकडच्या जमिनीवर त्यानं लग्नाचं लॉन काढलं होतं. मांडव, फुलं, जेवण, घोडा, सगळं त्याचंच. तेव्हापासून गावकीच्या भांड्यांना कुणी विचारत नव्हतं. आणि विलासनंच टुमणं लावलं होतं की भांडी मोडीत काढावीत आणि देवळाच्या सभामंडपाला फरशी घालावी. पुढच्या रविवारी त्यावर गावाची बैठक होती.

"जळगाव," तात्या हळूच म्हणाले, "बैठकीला चला. तुमच्या कंपनीचं समद्यास्नी सांगा. फकस्त तिसरा परकार गाळा."

मी गेलो. देवळात सतरंजीवर गाव बसलेलं. तात्या उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "हिंजवडीतल्या मोठमोठ्या कंपन्या सोताची भांडी काढून टाकत्यात अन् गावकीची वापरत्यात. आमेरिकेत बी हेच चाललंय. अन् आपुन गावकीची मोडीत घालाया निघालोय! सांगा वो जळगाव."

मी पहिला प्रकार सांगितला, दुसरा सांगितला. माना डोलल्या. एक म्हातारे "बरुबर हाय" असंही म्हणाले. तात्या माझ्याकडे अशा अभिमानानं बघत होते, जणू मला त्यांनीच लहानाचा मोठा केला.

"सायेब," मागून विलास उठला, "माज्याकडं कंपनीतली पोरं लगनं ठरवाया येत्यात. त्येंच्यातलाच एक म्हनला, परकार तीन असत्यात. तिसरा कंचा?"

तात्या देवळाच्या घंटेकडे बघायला लागले. समोर गाभारा. मी पडलो नोकरदार माणूस, देवासमोर धडधडीत खोटं बोलायची सवय नव्हती.

"तिसऱ्यात सगळं तयार मिळतं," मी म्हणालो.

"अन् जास्ती लोकं काय घेत्यात?"

"तिसराच."

"म्हंजी लॉन!" विलास म्हणाला आणि सगळं देऊळ हसलं. तात्यासुद्धा थोडं हसले. फरशीचा ठराव झाला.

परत येताना ते एवढंच म्हणाले, "तुमाला म्हनलं हुतं, गाळा म्हनून." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

टेम्पो आला त्या दिवशी तात्यांनी एकेक भांडं टिचकी मारून टेम्पोत चढवलं. विलास म्हणाला, "मोडीत जायचीत तात्या, कशाला तपासताय?" तात्या म्हणाले, "जाताना तरी बघाया नगं?"

त्यानंतर ओट्यावरचा कारभार थंडावला. लातूरनं गाडी आडवी लावली, कुणी काही बोललं नाही. माझ्या हातून मोटर चालू राहिली आणि टाकीतून पाणी वाहून अंगणात तळं झालं, तरी हाक आली नाही. मग मात्र मी खाली उतरलो आणि त्यांच्याशेजारी बसलो. मला फार वाईट वाटत होतं आणि मी ते बोलून दाखवलं.

"भांड्यांचं काय न्हाई वो," तात्या म्हणाले. "तांबं-पितळंच ते. पर कुनाची सोयरीक जमली की मानूस आदी माज्याकडं यायचा. भांडी मोकळी हायेत का इचारल्याबिगर तारीख धरायची न्हाई, अशी रीत हुती. पत्रिका छापायच्या आदी, पाव्हन्यास्नी सांगायच्या आदी, हितं ओट्याव बसून सांगायचा. च्या प्यायचा. पोरगी कुटं दिली, पोरगा काय करतुय, समदं गावात पयलं मला कळायचं. माज्या घरात काय कार्य न्हाई झालं, पर दर कार्य पयलं माज्या घरी यायचं. आता पत्रिका येती. पत्रिका काय, समद्यास्नीच येती."

ते दुसरीकडे बघायला लागले.

काही दिवसांनी मीनल दवाखान्यातून आली आणि जिन्यातच माझा हात धरून तिनं बातमी सांगितली. मी आनंदानं वेडा व्हायचा बाकी होतो. जळगावला फोन लावायला घेतला, तर तिनं तो हातातून काढून घेतला. "आईंना संध्याकाळी करू. आधी खाली जाऊन ये."

मी ओट्यावर जाऊन बसलो. "तात्या, आमच्याकडं पाळणा हलणार आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "कुनाकुनाला कळीवलं?"

"कुणालाच नाही. अजून आईलाही नाही. आधी तुमच्याकडं आलो."

तात्या उठले आणि आत गेले. बराच वेळ स्टोव्हचा आवाज येत होता. बाहेर आले ते दोन कप घेऊन. चहात साखर वारेमाप पडली होती.

"आईला सांगा. ती आई हाय," ते म्हणाले. "बाकी पाचवा म्हैना लागंस्तवर कुटं बोलू नगा. तवर माज्यापाशी ऱ्हाऊ द्या."

तेवढ्यात विलास मोटारसायकलवरून चालला होता. आम्हाला बघून थांबला. "काय तात्या, आज लई खुशीत? काय इशेष?"

"काय न्हाई बाबा," तात्या म्हणाले. "बसलोय आपलं च्या पीत."

विलास गेला. तो वळणाआड होईपर्यंत तात्यांनी चेहरा गंभीर ठेवला, मग माझ्या मांडीवर थाप मारली आणि पोट धरून हसायला लागले.