चष्म्यातली होडी

"बाबू, तू उचलूक नाय!" पेद्रू ओरडला.

"उचललंय मिया! खांदो बघ माझो, दुखाक लागलो."

"मगे होडी वाकडी कित्याक झाली?"

नानांच्या अंगणात सात-आठ माणसं दोन रांगांत, गुडघे वाकवून, एकेक खांदा पुढे काढून उभी होती. खांद्यांवर काहीही नव्हतं. रांगांच्या पुढे नानांचा पुतण्या प्रितेश होता. त्याच्या डोळ्यांवर बिस्किटांच्या पुड्याएवढा काळा चष्मा होता आणि चष्म्याची वायर ओसरीवरच्या कॉम्प्युटरपर्यंत गेली होती. होडी फक्त त्यालाच दिसत होती. ती वाकडी झालीय, असंही त्यानंच सांगितलं होतं.

थोडं मागे जाऊ. होडी तिथंच राहू दे, गोष्ट मागे नेऊ.

तारकर्लीत पर्यटक वाढले होते आणि नानांना अंगणात एक खोली हवी होती. प्रितेश पुण्याला तयार खोल्या बनवणाऱ्या कंपनीत होता. तिथं पंख्यासकट, आरशासकट आख्खी खोली कारखान्यातच तयार व्हायची आणि ट्रकवरून घरपोच यायची. एकदा जमिनीला टेकली, पाय पक्के केले, की मग हलवायची नाही. म्हणून ती कुठं टेकवायची हे आधी चष्म्यात बघायचं. अंगण, माड, कुंपणाचा दगडी गडगा, सगळं प्रितेशनं मोजून चष्म्यात भरलं होतं.

चष्म्याच्या आत: पांढरी खोली, निळं दार, वर पंखा.

चष्म्याच्या बाहेर: कृष्णाबाई, प्रितेशची काकी, हात पुढे करून अंगणात फिरतेय. नव्या खोलीत शिरताना तिनं चपला दाराबाहेर काढल्या. चष्मा उतरवल्यावर ती चपला शोधत राहिली, कारण आता दारच नव्हतं.

मग शेजारच्या पेद्रूनं चष्मा घातला. तो खोलीभोवती एक फेरी मारून आला.

"पेद्रू, बरी दिसता मा खोली?" नानांनी विचारलं.

"खोली बरी आसा. माझी वाट खंय?"

पेद्रूचं घर नानांच्या मागे. पावसाळ्यात त्याची होडी त्याच्या अंगणात माडाच्या झापांखाली असायची आणि पाऊस सरला की नानांच्या अंगणातून समुद्रावर जायची. ही वाट कुठल्याच कागदावर नव्हती. ती नानांच्या आजोबांनी पेद्रूच्या आजोबांना कधी दिली, की कधी अडवलीच नाही, हेही कुणाला माहीत नव्हतं.

"खोलयेच्या बाजून आसा की वाट," नाना म्हणाले.

"बाजून मिया जातलंय. होडी जातली?" पेद्रूनं चष्मा काढून नानांच्या हातात दिला. "उद्या खोली टेकली आणि होडी अडाकली, तर ती आंगणातच कुसतली. मगे मिया काय करू? तुझ्या गिऱ्हायकांका च्या करून देव?"

नानांना हे लागलं. "होडी जाणा नसात तर खोली परत धाडीन!" ते म्हणाले. ओसरीवरून कृष्णाबाईनं असं बघितलं, की त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं नाही.

खरी होडीच काढून बघावी, हे कुणालाही सुचलं असतं. सुचलंही. पण बाहेर काढलेली होडी पाण्याला लागल्याशिवाय परत घरात आणायची नाही, हा पेद्रूच्या बापाचा नेम होता. आणि समुद्र अजून खवळलेला होता. तेव्हा होडी चष्म्यात घालायचं ठरलं.

प्रितेशच्या कॉम्प्युटरमध्ये एकच होडी निघाली. पांढरी, गुळगुळीत, वर रंगीत छत्री.

"ह्या काय? छत्री कशाक?"

"ती निघत नाही, पेद्रूकाका. आपण छत्री नाही असं समजू." चष्मा घातला की प्रितेश ऑफिसातलं मराठी बोलायचा. "मी माऊसनं होडी पुढे सरकवतो, तुम्ही बघा."

"होडी आपणहून चलता? तिका माणसा लागतत. आणि माणसांका दोनय बाजूक जागा लागता. ती खंय आसा तुझ्या चष्म्यात?"

हे बरोबर होतं. म्हणून माणसं बोलावली.

"पुढे... पुढे... थांबा! छत्री माडाला लागतेय!"

"छत्री नाय म्हणालंस मा?"

"नाही, पण दिसतेय."

"दिसता तर लागतलीच," बाबू म्हणाला. सगळ्यांनी गुडघे आणखी वाकवले, म्हणजे छत्री खाली येईल.

आणि वीज गेली.

चष्म्याच्या आत: काळोख.

चष्म्याच्या बाहेर: लख्ख ऊन, आणि वाकलेली माणसं.

"नानानू, माका काय्येक दिसणा नाय!" प्रितेशचं ऑफिसातलं मराठी विजेबरोबर गेलं.

"होडी खाली ठेवू?" बाबूनं विचारलं.

"नुको!" पेद्रू म्हणाला. "वाटेत ठेवूक नुको. आसास तसो रव."

मग ती तशीच राहिली. पेद्रूची बायको एस्पेरांसा नवऱ्याला जेवायला बोलवायला आली आणि गडग्याशी थबकली. "ह्येंका काय झाला गो?" तिनं कृष्णाबाईला विचारलं. "होडी उचलतत," कृष्णाबाई म्हणाली आणि चहा आणायला आत गेली. चहा सगळ्यांनी एका हातानं प्यायला. दुसरा हात कुणी सोडला नाही.

वीज आली. कॉम्प्युटर पहिल्यापासून सुरू झाला. प्रितेशनं चष्मा घातला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं.

"होडी परत पेद्रूकाकांच्या अंगणात गेली."

पेद्रूचा चेहरा उतरला. "परत गेली? पाण्याक लागल्याबगर?"

"खरी नाही हो ती."

"ता माका समाजता. बापाशीक समाजतला?"

त्यानं घरात जाऊन बापाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. मग सगळी माणसं पुन्हा गडग्यापासून निघाली. चष्म्यातली खोली हातभर डावीकडे सरकवल्यावर होडी माणसांसकट, छत्रीसकट पार झाली. पेद्रूनं नानांच्या पाठीवर थाप मारली. बाबू शेवटी खरोखरच बसला आणि खांदा चोळू लागला.

दुसऱ्या दिवशी खोली आली.

ट्रक नानांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबला. खोली गल्लीपेक्षा रुंद होती. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे. ड्रायव्हर खाली उतरला, एकदा खोलीकडे, एकदा गल्लीकडे बघून त्यानं विडी पेटवली.

"प्रितेश," नाना म्हणाले, "चष्म्यात खोली आत कशी इली?"

प्रितेशनं आठवून बघितलं. चष्म्यात खोली आलीच नव्हती. ती पहिल्यापासून तिथं होती. सगळ्या गावानं होडी बाहेर कशी जाते ते बघितलं होतं.

रुंद रस्ता एकच होता, मागचा. तो पेद्रूच्या अंगणात संपत होता. खोली तिकडून उतरवली, खाली ओंडके घातले, दोर बांधले आणि कालच्याच माणसांनी जोर लावला. आज वजन होतं, त्यामुळे कुणी कुणावर संशय घेतला नाही. दोन्ही अंगणांच्या मधल्या गडग्याला होडीपुरती फट होती. तिथपर्यंत खोली आली आणि राहिली.

"गडगो पाडूया?" नाना म्हणाले.

"गडगो पाडलंस तर फुडे माड आसा," पेद्रू म्हणाला. "तो तुझ्या बापाशीन लावलेलो. रवांदे हंयच." आणि त्यानं आपली होडी थोडी बाजूला घेतली.

खोली फटीपासून मागे घेतली आणि तिचे पाय पेद्रूच्या अंगणात पक्के झाले.

समुद्र शांत झाल्यावर होडी नानांच्या रिकाम्या अंगणातून, कुठंही न घासता समुद्रावर गेली. त्याच आठवड्यात कोल्हापूरचं एक जोडपं राहायला आलं. त्यांना समुद्रावर जायचं होतं.

"कुठून जायचं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या आंगणातसून जावा," गडग्याच्या अलीकडून नाना म्हणाले. "सरळ वाट आसा."

"ते कित्याक?" पलीकडून पेद्रू म्हणाला. "पावणे माझ्या आंगणात ऱ्हवतत. माझ्या बाजून फिरान जातले. तुका तरास नुको."

"कसलो तरास? वाट माझी आसा!"

"मगे? माझी नाय?"

आणि वाटेवरून जे भांडण त्या अंगणांत कधी झालं नव्हतं, ते सुरू झालं. कोल्हापूरचे पाहुणे खांद्यावर टॉवेल टाकून, एकदा इकडे, एकदा तिकडे बघत, गडग्याच्या फटीत उभे राहिले.