बिनझुमाची लेन्स आणि राजघाटचे कावळे

"दुरून डोंगर साजरे, ते डोंगरापुरतं. माणूस जवळ गेल्याशिवाय फोटोत येत नसतो, दत्तू."

कॉलेजात असताना ज्यांच्याकडे दत्तात्रय फोटो काढायला शिकला, त्या उस्तादांचा हा आवाज. उस्ताद गेले, स्टुडिओच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, आवाज तेवढा कानात उरला. पण कानाचं ऐकतो कोण! निवृत्तीनंतर दत्तात्रयाने दुधी भोपळ्याएवढी झूम लेन्स घेतली. ती गळ्यात अडकवली की आधी मान झुकायची आणि पाठोपाठ हौस. शेवटी कॅमेरा कपाटात गेला आणि बायकोने, सुलभाने, त्याच्यावर स्वेटर रचून ठेवले.

मग यंदा एक छोटी लेन्स घरात आली आणि कॅमेरा कपाटाबाहेर. लेन्स कसली, बिस्किटावर बिस्कीट ठेवावं एवढीच. झूम नाही, बटणं नाहीत. जवळचं हवं तर पाय उचला, लांबचं हवं तर मागे सरा. दत्तात्रयाच्या वाळक्या हौसेला अशी पालवी फुटली की घरात कुणाला सुखाने पेंगताही येईना. शेजारणीच्या कुरडयांचे फोटो झाले, देवघरात सांडलेल्या हळदीचे झाले. मावा जिलबीच्या कढईवर तर तो इतका वाकला की हलवायाने झारा आडवा धरून त्याला मागे सारलं.

"खिशात मावते, आणि समोरच्याला पत्ताही लागत नाही," असं तो भेटेल त्याला छाती फुगवून सांगत असे.

आणि तेवढ्यात जसोंडी गावच्या कडूदादाचा दहावा आला. कडूदादा म्हणजे सुलभाचा चुलतभाऊ. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून आईबापांनी नजर लागू नये असं नाव ठेवलं, आणि हा माणूस जन्मभर स्वतःच्या मळ्यातल्या केळीसारखा गोड राहिला. निघताना सुलभाने बजावलं, की कॅमेरा ठेवून या. दत्तात्रयाने ठेवला. झब्ब्याच्या खिशात.

शहरातल्या राजघाटावर तापी संथ वाहत होती. पानावर पिंड मांडले, भटजींनी हात जोडले आणि सगळी मंडळी रिवाजाप्रमाणे मागे सरून उभी राहिली. पिंपळावरून एक कावळा उतरला आणि कठड्यावर बसून मान वाकडी करून बघू लागला. त्याच्या मागे पाणी घासल्या ताटासारखं झळकत होतं. दत्तात्रयाचा हात खिशात कधी गेला ते हातालाही कळलं नाही. सगळ्यांचे डोळे पिंडावर होते. तो हळूच बाजूला झाला, पायऱ्या उतरला आणि कठड्याच्या पलीकडून वाकून निघाला. झूम असती तर नदीच्या त्या काठावरूनही काम झालं असतं. इथे जवळ जाणं भाग होतं. एक पाऊल, अजून एक पाऊल. कावळ्याला कठड्यावरून एक गोल काचेचा डोळा उगवताना दिसला. तो जो ओरडून उडाला, तो पार पिंपळाच्या शेंड्यावर!

मंडळींत कुजबुज झाली. दादाची काहीतरी इच्छा राहिली, असं भटजी म्हणाले. कडूदादाचा मुलगा विपुल पुढे आला, खिशावर हात ठेवून गदगदून म्हणाला, "बापू, गुटखा बंद. आजपासून पक्का बंद."

दुसरा कावळा उतरला. हा एवढा टिपतो आणि कॅमेरा खिशात टाकतो, असं दत्तात्रयाने स्वतःला समजावलं. तोही कावळा उडाला.

आता कडूदादाचा धाकटा भाऊ प्रकाश घाम पुसत पुढे झाला. वर्षानुवर्षं ज्या बांधावरून दोन घरांची तोंडं फिरली होती, तो बांध रातोरात आपणच सरकवला, आणि आता मागे घेतो, असं तो सगळ्यांदेखत बोलून गेला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. प्रकाशची बायको तर त्याच्याकडेच बघू लागली.

इथे दत्तात्रयाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कावळा कडूदादामुळे अडला नव्हता. बाहेर यावं तर हातात कॅमेरा. बसून राहावं तर कावळ्यांना आता त्याची पक्की ओळख पटलेली. पिंपळावरून सगळी जमात त्याच्या नावाने बोंब ठोकत होती. इकडे मंडळींना वाटत होतं, दादा फारच रागावलेत. खिशात टाकायला कॅमेरा खाली केला, तर झब्ब्याचा खिसा मांडीखाली अडकलेला. ही धरणी दुभंगली असती तर तो लेन्ससकट आत गेला असता.

भटजींना शहरात दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. तसा विपुल लहान पोरासारखा रडू लागला. "दर्भाचा नको, महाराज. गाव म्हणेल, बापू रुसून गेले."

ते रडणं दत्तात्रयाच्या काळजात काट्यासारखं रुतलं. त्याने मनात वाक्य जुळवलं, की मंडळी, कावळा दादावर नाही, माझ्यावर रुसलाय. गुडघ्यावर हात टेकून तो उठणार, तोच कडूदादाची बायको, कोकिळावहिनी, पुढे आली. दहा दिवस ती बाई कुणाशी बोलली नव्हती.

"रातच्याले केळीले पानी देऊन येत तुमी," ती पिंडाकडे बघून म्हणाली, "अन् अंगनात बसून गानं म्हनत. मी म्हने, बस करा, झोपू द्या माले. पन मी झोपत नव्हती. तोंडावर पदर घेऊन आयकत पडे. लई गोड गात तुमी. कधी सांगलं नाही."

तिचा चेहरा दत्तात्रयापासून हातभरावर होता. आयुष्यात एकदाच मिळावा असा फोटो. त्याने कॅमेरा पायरीवर पालथा ठेवला आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

पंखांची फडफड झाली. कावळा पिंडाला शिवला.

परतताना शनवारा चौक येईपर्यंत दत्तात्रयाने स्कूटरवर कसाबसा दम धरला. मग त्याला राहवेना. पुढे बघत, रडवेल्या आवाजात त्याने मागे बसलेल्या सुलभाला सगळं सांगून टाकलं. आत्ताच्या आत्ता जसोंडीला जाऊ, विपुलच्या पाया पडू, आणि ही लेन्स तापीत सोडू, असंही म्हणाला.



"मी पहिल्या कावळ्यापासून बघत होते," सुलभा म्हणाली. "कठड्यावरून तुमचं टक्कल उगवलं तेव्हापासून."

स्कूटर डगमगली. "अगं, मग हाक का नाही मारलीस?"

"मारणारच होते. तेवढ्यात विपुलने गुटखा सोडला. म्हटलं, उडू दे अजून एखादा. मग प्रकाशने बांध सोडला. मग वहिनी बोलली, आणि हाक मारायला मलाच तोंड उरलं नाही." तिने पदराने डोळे टिपले. "आता जसोंडीला जाऊन काही बोलू नका. गुटख्याची पुडी अजून विपुलच्या खिशातच आहे."