फलकावरचा ओलाफ लुंडे

तालमीच्या चौकातील फलकावर खात्री केल्याशिवाय एक ओळही लिहायची नाही, हा नियम बसाप्पा सरांनी स्वतः घातला होता. तंत्रनिकेतनात तीस वर्षे ड्रॉइंग शिकवल्यामुळे कोल्हापूरच्या त्या पेठेत त्यांच्या अक्षरावर आणि शब्दावर सर्वांचा विश्वास होता. १९९८च्या फेब्रुवारीतील त्या रविवारी सकाळी फलक भरला तोही त्यांनीच: ‘बर्फावरील उडीत आज प्रथम क्रमांक पटकावणारे नॉर्वेचे पैलवान ओलाफ लुंडे यांचे हार्दिक अभिनंदन.’

पैलवान हा शब्द वस्ताद केरबांच्या आग्रहाखातर.

उडी सर्वांनी तालमीतील टीव्हीवर पाहिली होती. संच जुना, कृष्णधवल. आवाज केव्हाच गेलेला. जपानात हिवाळी ऑलिंपिक चालू असल्याचे सरांनी पेपरात वाचले होते, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. खेळाडू टाय लावून उड्या मारत होते, ते शिस्त म्हणून, असा खुलासाही त्यांनी केला. पडदाभर नाचणारे ठिपके त्यांनी अँटेनाच्या माथी मारले. शेवटी विजेत्याचे नाव आले. सरांनी ते वहीत टिपून घेतले.

दुपारपर्यंत फलकाला हार चढला, पेढे वाटून झाले, संध्याकाळी सरांच्या हस्ते नारळ वाढवायचे ठरले. जेवायला घरी आल्यावर सरांनी हे सारे नात प्रेरणाला सांगितले.

तिने घास ताटात ठेवला. “आज्जा, जुनी फिल्म हुती की ती. आपल्या कलर टीव्हीवरबी काळीपांढरीच दिसली. सत्तर वर्षं झाली त्या स्पर्धेला.”

सरांना जेवण गेले नाही. चौक टाळून ते बोळाने तालमीत पोहोचले, केरबांना बाजूला घेऊन चूक कबूल केली. फलक पुसतो, पुन्हा खडूला हात लावणार नाही, असेही म्हणाले.

केरबांनी उलट विचारले.

“उडी मारली ती खरी न्हवं?”

“खरी.”

“आन् सत्तर वर्सं झाली. म्हंजे आता न्हाय म्हणा की त्यो.”

“तशी खात्री नाही, वस्ताद.”

“शंभरीचा माणूस, सर. आनि कसली खात्री करताय?”

संध्याकाळी ‘यांचे हार्दिक अभिनंदन’ जाऊन त्याच वळणदार अक्षरात ‘यांना भावपूर्ण श्रद्धांजली’ आले. ‘आज’ हा शब्द सरांनी कोणी न सांगता पुसला. हार तोच राहिला. येणारेजाणारे चपला काढून थांबू लागले, तेव्हा केरबांनी दोन मिनिटे स्तब्ध राहण्याची सूचना केली. सर्वांत खाली मान बसाप्पा सरांची होती.

शेजारच्या दुकानातल्या आकारामने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “लई जवळचं हुतं व्हय, सर?”

सरांनी मान वर न करताच ‘हो’ म्हटले.