दहा पाट्यांची कमान

सारंगखेड्याच्या चुडामण आबांनी उभ्या आयुष्यात पोराला शाबासकी दिली नव्हती. नवनीत बारावी झाला तेव्हा "पास तं व्हयना" म्हणाले, तालुक्याला कारकून लागला तेव्हा "पेन्शन शे का?" विचारलं. तेच आबा आज खळ्यात पांढरी टोपी घालून, चाळीस माणसांसमोर पोराच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते.

"हाई गाडी यानी सोता बनाडी. कोणले इचारं नही."

त्या हातासाठी नवनीतने आठ महिन्यांचे रविवार जाळले होते. जुन्या जीपचा सांगाडा, मागे हौदा, कमरेएवढी चाकं. सातपुड्यातला कुठलाही दगडधोंडा चढेल अशी गाडी. फक्त 'कोणले इचारं नही' हे खोटं होतं. विसरवाडीला हायवेवर भिलाचं ट्रकच्या कमानी, म्हणजे चाकांवरचे लोखंडी पाट्यांचे स्प्रिंग, दुरुस्त करायचं दुकान. तिथे नवनीत तीन दिवस चहा पीत बसला आणि उसाच्या ट्रकची कमान टेपने मोजून आला; तशीच त्याला आपल्या गाडीला बसवायची होती.

भिलाने तेव्हाच सांगितलं होतं, "भाऊ, ही दहा पाट्यांची कमान पंधरा टनाखाली वाकते. तुझ्या गाडीला चार पाटे बस झाले. सहा काढ."

"भिला, तुला ठोकणं कळतं. यात गणित असतं," असं म्हणून नवनीत हसला होता, आणि वर त्याला आजच्या पूजेचं आमंत्रणही देऊन आला होता. शिकलेल्या माणसाचा माज एकट्याने साजरा होत नाही, बघायला कोणीतरी लागतं.

नवनीतच्या आईने, प्रमिलाबाईंनी, पोराची आणि गाडीची एकदमच दृष्ट काढली, चार चाकांपुढे चार लिंबं ठेवली. नवनीतने गाडी पुढे घेतली. तीन लिंबं फुटली. चौथं तसंच. खळ्यात तिथे थोडं खोलगट होतं. कमान वाकली असती तर चाक खाली टेकलं असतं, पण ती कसली वाकते? चाक लिंबावरून अलगद, हवेतून गेलं.

"हाई निंबू कसं ऱ्हायनं रे?" प्रमिलाबाई घाबरल्या.

"वजन नही ना आई गाडीमा."

"मंग चढा रे," आबांनी हुकूम सोडला.

गाडी मागे घेऊन ते चाक बरोबर लिंबाच्या वर आणलं. आठ जण चढले. लिंबू शाबूत. चौदा चढले. शाबूत. मग खताच्या बारा गोण्या टाकल्या, त्यांच्यावर आणखी माणसं, शेवटी खुद्द आबा. एकूण बावीस झाले तेव्हा कमान एकदा कण्हली, चाक टेकलं आणि लिंबू फुटलं. टाळ्या पडल्या.

"चाल, नदीवर ली चाल," आबा म्हणाले.

"चालस आबा. पण कोणी उतरू नका," नवनीत म्हणाला. माणसं उतरली की चाक परत वर जाणार, हे त्याला एकट्याला माहीत होतं.

पाटचारीचा उंचवटा आला. बावीस माणसं एकदम उडाली आणि वेगवेगळी बसली. खाली कमानीपाशी काहीतरी कडकन तुटलं आणि गाडी म्हशीसारखी एका अंगावर बसली. लागलं कोणाला नाही, पण आबांची टोपी चारीच्या पाण्यातून तापीकडे निघाली.

"हाई कमान कोणी सांगी तुले?" आबांनी हळू विचारलं. खांद्यावर आता हात नव्हता.

नवनीतने वर पाहिलं. गाडीमागून चालत आलेला भिला बांधावर उभा, हातात प्रसादाचं खोबरं.

"ह्या भिलानी. ट्रकनी कमान टाक म्हने."

"तरीच," गाडीतून उतरलेल्यांपैकी एक म्हणाला.

"त्याले काय समजस?" दुसरा म्हणाला.

"हायवेवर लोकेसन्या गाड्या असाच बिघाडत व्हई," तिसऱ्याने भर घातली.

भिलाने खोबरं तोंडात टाकलं, हात पँटला पुसले, खाली येऊन गाडीखाली शिरला. "जॅक आणा," आतून आवाज आला. त्याने आईवरून शिवी दिली असती तर नवनीत सुटला असता. पण हा मेला कमानीचं तुटलेलं वेल्डिंग चाचपत होता.

नवनीतच्या कानशिलापर्यंत लाज चढली. "आबा, मी खोटं बोलनू. यानी सांगेल व्हतं, सहा पाटा काढ. मीच आयकं नही. उलट हसनू त्याले."

मग कौसाबाई मावशीने पदर डोळ्यांना लावला. "पाहा माय, कितलं मोठं मन. गरिबले वाचाडासाठे सोतावर ली ऱ्हायना."

"अवं मावशी, खरंच सांगस—"

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. आता दोन्ही हात पोराच्या खांद्यांवर होते. मग ते गाडीखाली वाकले. "भिला, बाहेर ये. पाय धर मन्हा पोऱ्याना. तुन्ही चूक पोटमा घाली त्यानी."

नवनीत हात सोडवून स्वतःच गाडीखाली सरपटला. लपायला तेवढीच जागा होती.

"सतराचा पाना दे," भिला त्याच्याकडे न बघता म्हणाला.

त्याने दिला. दोन नट निघाले.

"भिला, मी परत सांगतो सगळ्यांना. आईची शपथ घेऊन सांगतो."

"नको भाऊ. अजून एकदा खरं बोललास तर मिरवणूक काढतील तुझी. मला पुढे नाचावं लागेल."