नारळाचे पाच, माशांचे पाच

आमच्या आपटेकाकांना बेकरीत एकटं पाठवू नये. पाठीमागे आमच्या जर्मनीतल्या हायडेलबर्गची शनिवार सकाळची रांग, काउंटरवरची बाई विचारते, "किती पाव?" आणि काका डोळे मिटून विचारात पडतात. पाव गोल म्हणून नारळात धरायचा, की भाजलेला म्हणून माशांत?

काका आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. तरुणपणी पुण्याहून भाषाशास्त्र शिकायला आले आणि पॅसिफिकमधल्या एका एवढ्याशा बेटाच्या भाषेत अडकले ते अडकलेच. त्या भाषेत म्हणे माणसांचे आकडे वेगळे, माशांचे वेगळे, आणि नारळ तर जोडीनेच मोजायचे. 'पाच नारळ' म्हटलं की समोर दहा हवेत. आता तिथली तरणी पोरंही इंग्रजीत मोजतात. काकांच्या इन्स्टिट्यूटने त्यांच्या आयुष्यभराच्या कामाची एक एक्सेल फाइल केली, टाळ्या वाजवल्या आणि त्यांची खोली दुसऱ्याला दिली.

"आल्झो, भाषा जपली," 'तर मग'चं जर्मन लावून काका म्हणतात. "आता मरायला मोकळी!"

दुसऱ्याची चूक मात्र त्यांना अजिबात खपत नाही. माझ्या मीराने जिन्यात खेळताना कागदाचे मासे मोजले, तर "हे माणसांचे आकडे झाले!" म्हणून पोरीला पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. ती जर्मनमध्ये "या, या", म्हणजे हो, हो, करत मोजत बसली बिचारी.

आणि गणपतीत तर कहरच केला. इथल्या मराठी मंडळाने मोदकांचा आकडा कळवायचं काम काकांना दिलं. माणसं साठ. काकांनी स्वयंपाकघरात कळवलं, "तीस." आरतीनंतर अर्धा अर्धा मोदक वाटायची वेळ आली! सेक्रेटरी कुलकर्णी लालबुंद.

"अहो काका, तीस कसे?"

"मोदकात सारण कशाचं? नारळाचं. मग तीस म्हणजे साठच की! सुटा नारळ मोजतं का कुणी? काहीतरीच!"

मी तर हात टेकले.

मग एका रविवारी शिऱ्याची वाटी घेऊन वर गेले. काका व्हिडिओ कॉलवर होते. पडद्यावर एक सुरकुतलेली म्हातारी. त्यांना ही मोजणी शिकवली ती हीच, काका तिला आत्या म्हणतात. काका तिला माशांची चित्रं दाखवत मोजत होते, आणि चक्क नारळाच्या आकड्यांत! इतकी वर्षं ऐकून मलाही तेवढं कळतं.

"काका, चुकताय!" मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

काकांनी मला हातानेच गप्प केलं. तेवढ्यात आत्या कडाडली. बोट नाचवत तिने माशांचे आकडे एकापाठोपाठ एक धडाधड म्हटले, आणि काका मान खाली घालून शिव्या खात राहिले.

कॉल संपल्यावर म्हणाले, "तिला आता काही आठवत नाही गं. मुलांची नावंसुद्धा नाहीत. पण मी चुकलो की संतापते, आणि संतापली की सगळे आकडे येतात. म्हणून दर रविवारी चुकतो."

मला माझीच लाज वाटली. तेव्हापासून रविवारी मीही वर जाऊन बसते. गेल्या रविवारीही गेले होते. काकांनी चित्रं लावली आणि मासे नारळासारखे मोजायला घेतले. एक. दोन. तीन. आत्या शांतपणे ऐकत होती. काका थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, जरा मोठ्याने.

आत्या गोड हसली आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"बरोबर आहे म्हणाली. शाबास म्हणाली."

मला वाटलं, आता काका तिची चूक सुधारतील. या माणसाने आजवर कुणाची चूक सोडलेली नाही. आत्याने मान हलवून 'पुढे' अशी खूण केली. काकांनी चष्मा काढून पुसला, पुढचं चित्र लावलं आणि चुकीच्याच आकड्यांत उरलेले सगळे मासे तिला मोजून दाखवले.