गद्रे डॉक्टरांची धार

आमच्या शेजारच्या गद्रे डॉक्टरांच्या उजव्या हातावर अस्वलासारखे केस आहेत आणि डावा हात मात्र मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत. आम्ही इंग्लंडात, वॉटफर्डला नवीन होतो तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांना काहीतरी त्वचेचा आजार असेल. विचारलं तर म्हणाले, "सुनंदाबाई, धार बघायची कशावर मग? केस उतरला तर धार. नाहीतर नुसतं लोखंड!"

आणि धार कसली, तर शिकारीच्या बाणांच्या पात्यांची! आता हा माणूस केकमध्ये अंडं नाही ना, हे विचारल्याशिवाय कुणाच्या वाढदिवसाला टाळीसुद्धा वाजवत नाही. त्यातून या देशात बाणाने शिकार करायला बंदी. पण त्यांची मुलगी मृणाल अमेरिकेत असते, तिथे चालतं. तिने लग्नानंतर नवऱ्याबरोबर हरणांच्या शिकारीचा नाद लावून घेतलाय. दरवर्षी समर संपत आला की ती बारा बोथट पाती पोस्टाने पाठवते. डॉक्टर गार्डनमधल्या शेडमध्ये बसून रोज एक, अशी बारा दिवस ती दगडावर घासतात आणि परत पाठवतात.

"शिकार मला पटत नाही," ते म्हणतात, "पण करायचीच तर जनावराला कळता कामा नये. जन्मभर हॉस्पिटलमध्ये माणसं कापली मी. धारेचं मला सांगू नका."

"अहो, पण तयार धारेची मिळतात ना दुकानात?" हे मी एकदाच विचारलं. फेन्सपाशी पाऊण तास उभी होते, तिकडे गॅसवर माझी कढी उतू गेली. "विकतची धार म्हणजे उसनं अवसान!" हे त्या पाऊण तासात सात-आठ वेळा झालं.

एकदा माझी विळी नेली, न विचारता. परत आली ती अशी की पहिल्याच कांद्याला माझं बोट कापलं. डॉक्टर चिकटपट्टी घेऊन धावत आले, बोट उजेडात धरलं आणि म्हणाले, "वा! काय स्वच्छ कट आहे!" मी विळीच फेकून मारणार होते.

बापलेकीचं एरवी फारसं बोलणं नाही. मृणालच्या आईच्या शेवटच्या आजारात दोघं एकमेकांना नको ते बोलून बसले. तेव्हापासून फोनवर हवापाणी झालं की दोघंही गप्प.

यंदा डॉक्टर घरी नव्हते, म्हणून पोस्टमनने पार्सल माझ्याकडे दिलं. संध्याकाळी मी ते शेडमध्ये नेलं. त्यांनी उघडलं, मी सहज एक पातं उचललं. रंग कोरा करकरीत. फक्त कडा वेड्यावाकड्या खरवडलेल्या, त्यात सिमेंटची भुकटी.

मला कुठलं गप्प बसवतंय! "अहो डॉक्टर, ही तर नवी आहेत! पोरीने तयार धारेची आणून फरशीवर घासलीत. चक्क बनवतेय तुम्हाला."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्या वर्षीची तेवढी खरी बोथट होती."

"मग तिला बोलत का नाही?"

"बोललो तर पाठवायची थांबेल ना."

डॉक्टर एकेक पातं अंगठ्याने चाचपत होते. बाराव्यापाशी थांबले. हे घासायचं ती विसरली होती. त्यांनी ते डाव्या हातावरून हलकेच फिरवलं. उरलेसुरले चार केस अलगद उतरले.

"उत्तम धार आहे हो," ते हळूच म्हणाले. "कुणाला सांगू नका."

मग ते शेडच्या दारात खाली बसले आणि ते पातं दगडी पायरीवर खराखरा घासायला लागले. धार पार गेली तसं त्यांनी ते उरलेल्या अकरांत नेऊन ठेवलं.