गूळ खाणारी भिंत

दातारकाका कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीची विचारपूस करत, मग माणसांची. चपला काढायच्या, बोटाच्या पेराने भिंतीवर टकटक करायचं, कान लावायचा आणि निदान सांगून टाकायचं. आमच्या भवानीपूरच्या भाड्याच्या घरात पाऊल ठेवताच ते म्हणाले, "वरून बरं दिसतं, पण आतून पोकळ आहे." माझी बायको पोह्यांची बशी घेऊन उभी होती. तिला वाटलं, माझ्याबद्दलच चाललंय. तिने मान डोलावली.

मी बँकेच्या बदलीने कलकत्त्याला नवाच आलो होतो. काकांचा जन्मच इथला. बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेले, काकू जाऊन बरीच वर्षं झालेली. घोषालबाबूंच्या जुन्या बागेच्या टोकाला एका बुटक्या दगडी घरात ते भाडेकरू म्हणून एकटेच राहत. कलकत्त्यात दगडी घर म्हणजे नवलच, कारण इथे खणाल तिथे चिखल. हे दगड आले कुठून, याचा इतिहास काकांना तोंडपाठ होता, फक्त तो दर वेळी वेगळा असे. कधी घरच्या आठवणीने हळव्या झालेल्या कोणा साहेबाने ते जहाजाच्या तळातून उतरवून घेतलेले असत, कधी ते राजमहालच्या डोंगरातून नावेने आलेले असत. "मागच्या वेळी तर जहाज म्हणाला होतात," असं म्हटलं की काका शांतपणे विचारत, "आले पाण्यातूनच ना?"

सिमेंट हा शब्द त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. "अहो, भिंतीला श्वास घेऊ द्या! सिमेंट थापलंत की गुदमरते बिचारी." घराची डागडुजी ते स्वतःच्या हातांनी करत. चुना भिजत घालायचा, त्यात विटांची पूड, मेथीचं पाणी आणि गूळ. संक्रांतीला आम्ही मराठी मंडळी एकमेकांकडे जायचो, तेव्हा काका हात पुढे करून म्हणत, "तीळ राहू द्या तुमच्याकडे, नुसता गूळ द्या. भिंतीला हवाय." बायका हसत आणि देत. काकांच्या स्वतःच्या चहात मात्र गोडाचा पत्ता नसे. भिंतींवरून मुंग्यांची ये-जा चाललेली असे आणि काकांना त्याचा अभिमान होता.

एवढ्या निगुतीच्या घरात स्वयंपाकघराची एकच भिंत ओबडधोबड होती. चुना वेड्यावाकड्या अर्धगोलांत फासलेला. विचारलं की काका नाक मुरडत. "कोणा अडाण्याचं काम. याहून वाईट गिलावा बंगालभर शोधून सापडायचा नाही."

"मग दुरुस्त का करत नाही?"

"बघू," म्हणून ते चहा ठेवायला उठत.

एका वर्षी दुर्गापूजेच्या तोंडावर घोषालबाबू मोठ्या खुशीत आले. "दातारमोशाय, पूजोर आगे शोब नोतून कोरे देबो!" सगळं नवं करून देतो, तेही फुकट. माणूस मनाचा चांगला. मागोमाग मिस्त्री आणि सिमेंटच्या गोण्याही आल्या. काकांनी मला निरोप धाडला. आज महाभारत होणार, म्हणून मी धावतच गेलो.

काका स्वयंपाकघरात त्या भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे होते.

"बाबूंना सांगा, बाहेरून लावा म्हणावं सिमेंट. खोलीला लावा, छताला लावा. फक्त ही भिंत सोडा."

माझा कानांवर विश्वास बसेना. "काका, हीच तर सगळ्यात वाईट भिंत!"

"वाईट आहेच," काका म्हणाले. "हिने केलीय ती."

मग ते थांबत थांबत बोलले. "लग्न होऊन नुकतीच आली होती. मी कचेरीत, गवंडी जेवायला गेलेला. ही कोकणातली. कालवलेला चुना दिसला, आणि शेणाने सारवावी तशी हातांनी भिंत सारवून मोकळी झाली. तळहातांची सालं निघाली. आणि मी घरी येऊन ओरडलो, चुन्याची भिंत अशी सारवतात का? तर म्हणते, घर आहे ना, मग सारवायला नको?"

काकांना ते पुन्हा सांगवेना, म्हणून घोषालबाबूंना मीच माझ्या मोडक्या बंगालीत सगळं सांगितलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "थाक मोशाय, थाक," म्हणाले, म्हणजे राहू दे. मिस्त्रीला त्यांनी सगळ्या गोण्या परत न्यायला सांगितल्या.

ते गेल्यावर काकांनी टकटक केली नाही. एका अर्धगोलावर तळहात ठेवला आणि चुना जसा वळला होता तसा तो हळूहळू फिरवला.

"अहो, ती जाईपर्यंत तिला वाटत होतं," काका म्हणाले, "की मला ही भिंत आवडत नाही."